दाराशी बसलेला गोली

आइस हॉकीच्या संघात दोन गोली, म्हणजे गोलरक्षक, असतात. एक जाळ्यापुढे उभा असतो आणि दुसरा बेंचच्या टोकाला, दाराशी. दुसऱ्याच्याही पायांत पॅड बांधलेले असतात, अंगावर सगळं चिलखत असतं, फक्त मास्कच्या जागी संघाची टोपी. खेळाडू धापा टाकत बदलीला आले की त्याने दार उघडायचं, ते आत शिरले की लावायचं. कुणाची स्टिक मोडली तर दुसरी पुढे करायची. काही ठिकाणी त्याच्या मांडीवर एक क्लिपबोर्डही ठेवतात, रिकामा बसलाच आहेस तर फेस-ऑफ (पंच चकती टाकून खेळ सुरू करतो तो क्षण) मोज म्हणून. कॅनडातला ज्युनियर हॉकीचा सामना बघताना माझी नजर पकवरून, त्या रबरी चकतीवरून, घसरते आणि या पोरावर जाऊन थांबते. तो बहुधा सतरा वर्षांचा असतो. घर सोडून दुसऱ्या गावात, परक्या कुटुंबाकडे राहायला आलेला असतो. आणि आलेला असतो तो गोलरक्षण शिकायला.

ज्युनियर हॉकी या मुलाला शिकवण्यासाठी घेते आणि राखीव ठेवते, अशी माझी तक्रार आहे. यात प्रशिक्षकांचा दुष्टपणा नाही. खेळाची आणि लीगची रचनाच अशी आहे की शहाण्यातला शहाणा प्रशिक्षकही तेच करेल. म्हणून हे कुणाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. नियमच करायला हवा: प्रत्येक संघाच्या हंगामातल्या किमान एक चतुर्थांश सामन्यांत सुरुवातीपासून अठरा वर्षांखालचा गोली उभा राहिला पाहिजे.

रचना म्हणजे काय ते आधी बघू. संघात गोली सोडून अठरा खेळाडू असतात. त्यातला सोळा वर्षांचा कच्चा फॉरवर्ड प्रशिक्षकाला हवा तसा लपवता येतो. त्याला चौथ्या लाइनवर, म्हणजे शेवटच्या फळीत, टाका, सामन्यात सात-आठ मिनिटं द्या, समोर प्रतिस्पर्ध्याची दुबळी फळी असेल तेव्हाच बर्फावर सोडा, तीन गोलची आघाडी असताना पॉवर प्लेची (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाची) चव द्या. तो चुकला तर मागे डिफेन्समन आहे, डिफेन्समन चुकला तर गोली आहे. रोज थोडं थोडं पाणी घालून रोप वाढवतात तसा तो वाढतो. गोलीच्या बाबतीत हे थोडं थोडं नसतंच. तो साठ मिनिटं खेळतो किंवा शून्य. आणि तो चुकला तर मागे फक्त जाळं आहे, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, आणि त्यामागे गोल झाला की पेटणारा लाल दिवा.

आता हिशेब. ओंटारिओ आणि वेस्टर्न या दोन ज्युनियर लीगमध्ये संघाला नियमित हंगामात ६८ सामने असतात. पहिल्या क्रमांकाच्या गोलीने त्यातले पन्नास खेळले, आणि हे काही जगावेगळं नाही, तर दुसऱ्याला अठरा उरतात. ते अठराही कसे? शुक्रवार-शनिवार-रविवार असे तीन दिवसांत तीन सामने आले की मधला किंवा शेवटचा, बसने रात्रभर प्रवास करून पोचल्यावर, थकलेल्या संघामागे. किंवा मग थोरला चार गोल खाऊन बाहेर आला की दुसऱ्या सत्राच्या मधोमध, अंग थंड असताना. असा एक प्रसंग मी जाळ्यामागच्या काचेला नाक लावून पाहिला आहे. पोराने टोपी काढली, मास्क चढवला, जाळ्यापुढच्या क्रीझमधला बर्फ स्केटने डावीकडून उजवीकडे खरवडला, दोन्ही खांबांना स्टिक लावून पाहिली. पहिलाच फटका निळ्या रेषेवरून, म्हणजे लांबून, आला, काही खास नव्हता, पण मध्ये दोन माणसं आडवी होती आणि त्याला पक दिसला तो थेट छातीवर आदळल्यावर. रिबाउंड, म्हणजे उसळून परतलेला पक, समोर पडला आणि गोल झाला. त्याने बाटली उचलली, पाण्याची एक पिचकारी तोंडात आणि एक हवेत मारली, आणि हवेतले ते थेंब खाली पडेपर्यंत बघत राहिला. ही एकाग्रतेची युक्ती त्याला कुणीतरी शिकवलेली असणार. त्या आठवड्यात त्याला मिळालेलं सगळं शिक्षण बहुधा तेवढंच.

प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्युनियर संघ हा धंदा आहे. तिकिटं विकायची असतात, प्लेऑफ गाठायचं असतं, आणि सलग आठ सामने हरलेल्या प्रशिक्षकाला मालक विचारत नाही की त्यातून मुलं किती शिकली. या लीगमध्ये साधारण सोळा ते वीस वयाची मुलं खेळतात. एकोणीस-वीस वर्षांचा, अंगाने भरलेला, तीन हंगाम पाहिलेला गोली हाताशी असताना सतरा वर्षांच्याला उभं करणं म्हणजे स्वतःच्या नोकरीशी जुगार. जानेवारीत ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत जवळ आली की करंडकावर डोळा असलेला संघ दुसऱ्या संघाचा तयार गोली उचलून आणतो, आणि दाराशी बसलेला पोरगा दारापासूनही एक जागा मागे सरकतो. प्रत्येक संघाने आपापल्या पुरता शहाणपणा केला की सगळ्यांचा मिळून वेडेपणा होतो तो असा.

या दुखण्यावर कॅनडाने एकदा औषध काढलं होतं. २०१३ मध्ये कॅनेडियन हॉकी लीगने, म्हणजे ओंटारिओ, वेस्टर्न आणि क्वेबेक या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीगच्या सामाईक संघटनेने, युरोपीय गोलींना परदेशी खेळाडू निवडायच्या आपल्या इम्पोर्ट ड्राफ्टचं दार बंद करायचं ठरवलं. कारण दिलं ते देशी गोलींच्या विकासाचं: परदेशी पोरं जागा अडवतात, आमच्या मुलांना बर्फ मिळत नाही. २०१८ मध्ये ही बंदी उठवली. तेव्हाही हे औषध मला अजब वाटलं होतं, आजही वाटतं. एका संघाला तेव्हा दोनच परदेशी खेळाडू घेता येत. त्या दोन जागांवर बहुतेक संघ फॉरवर्ड नाहीतर डिफेन्समन आणत. मूठभर युरोपीय गोलींना हाकलून रिकामी झालेली जागा कुणाला मिळणार होती? सतरा वर्षांच्या कॅनेडियनला नव्हे, वीस वर्षांच्या कॅनेडियनला. प्रशिक्षकाची भीती होती तिथेच राहिली, फक्त तिच्या हाताशी असलेल्या मुलांचे पासपोर्ट बदलले.

त्यात आणखी एक गंमत आहे. कॅनडात चांगले गोली निपजत नाहीत ही ओरडच अर्धवट होती. २०१६ ते २०२३ या काळात एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या संघांच्या जाळ्यापुढे उभे राहिलेले कॅनेडियन बघा. मॅट मरे, ब्रेडन होल्टबी, जॉर्डन बिनिंग्टन, डार्सी केम्पर, एडिन हिल. पाचही जण कॅनडाच्याच ज्युनियर लीगमधून आलेले. आता एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात, त्यांना कितव्या क्रमांकावर उचललं ते बघा: ८३, ९३, ८८, १६१, ७६. पहिल्या दोन फेऱ्यांत एकही नाही. बिनिंग्टनने २०१९ मध्ये कप उचलला तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि त्या हंगामाच्या सुरुवातीला संघाच्या योजनेत त्याचं नावही वर नव्हतं. म्हणजे पीक येत होतं. ते कधी पिकतं हे ओळखायचं घड्याळ चुकीचं होतं.

गोली उशिरा पिकतो, हे या खेळातल्या कुणालाही विचारा. फॉरवर्डची चमक सतराव्या वर्षी दिसते, कारण तो आपण होऊन काही करतो. गोली समोरच्याच्या करण्याला उत्तर देतो, आणि उत्तर द्यायला आधी प्रश्न हजारदा ऐकलेले असावे लागतात. पासची दिशा फटक्याआधी वाचणं, कधी पुढे सरकून कोन बंद करायचा आणि कधी खांबाला चिकटून राहायचं, हे पुस्तकातून येत नाही. फिनलंडचा पेक्का रिने २००४ च्या ड्राफ्टमध्ये २५८ वा होता, तोही एकवीस वर्षांचा झाल्यावर. आज ड्राफ्ट सात फेऱ्यांचा आहे, ३२ संघ, म्हणजे २२४ नावांवर यादी संपते. रिनेचा क्रमांक आज अस्तित्वातच नाही. त्याने २०१८ मध्ये सर्वोत्तम गोलीची वेझिना ट्रॉफी जिंकली. स्वीडनचा हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा. डॉमिनिक हाशेक १९९ वा. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही.

उलट बाजूची गोष्ट जस्टिन पॉगीची. २००६ मध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धा कॅनडात झाली, कॅनडाने अंतिम सामन्यात रशियाला ५-० हरवून सुवर्ण घेतलं, आणि जाळ्यापुढे पॉगी होता. त्याच वर्षी तो कॅनडाच्या ज्युनियर लीगमधला सर्वोत्तम गोली ठरला. टोरोंटो मेपल लीफ्सकडे तेव्हा दोन तरुण गोली होते, पॉगी आणि फिनलंडचा टूक्का रास्क. त्यांनी पॉगीला ठेवलं आणि रास्क बोस्टनला देऊन टाकला. पॉगी एनएचएलमध्ये सात सामने खेळला आणि पुढे वर्षानुवर्षं युरोपातल्या लीगमध्ये. रास्कने २०१४ ची वेझिना जिंकली. टोरोंटोच्या या सौद्याला हसणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात पॉगीच दिसतो. एकोणिसाव्या वर्षी त्याच्यावर ‘तयार’ असा शिक्का बसला, आणि तो शिक्का एका हंगामाच्या आकड्यांनी मारला.

आकड्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण दाराशी बसलेल्या पोराचा निकालही त्यांच्यावरच लागतो. समजा त्याला अठरा सामने मिळाले आणि प्रत्येक सामन्यात पंचवीस फटके आले. एकूण ४५० फटके. ९१ टक्के अडवले तर तो होतकरू, ८९ टक्के अडवले तर पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा. या दोहोंत फरक किती? नऊ गोलचा. अठरा सामन्यांत नऊ, म्हणजे दोन सामन्यांत एक. तो एक गोल स्वतःच्याच डिफेन्समनच्या स्केटला लागून आत गेला असेल, पंचांची शिट्टी उशिरा वाजली असेल, नाहीतर तो तिसऱ्या रात्रीचा सामना असेल. संख्याशास्त्राचा साधा नियम लावला तरी ४५० फटक्यांवर निव्वळ नशिबाने टक्केवारी एक-दीड टक्क्याने वरखाली होऊ शकते. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण त्याआधी भात शिजायला ठेवलेला असावा लागतो. इथे दोन दाणे पाण्यात बुडवून भात कच्चा असल्याचं जाहीर करतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सामने नसले तरी सराव असतो ना, सरावात शिकेल. ज्युनियर संघाचा सराव एकदा नीट बघावा. खेळाडूंच्या रांगा लागतात, शिट्टी होते, एकामागून एक जण येऊन फटका मारतात. पहिल्या फटक्यातून गोली उठून उभा राहायच्या आत दुसरा सुटलेला असतो. हा सराव मारणाऱ्यांचा आहे. गोली तिथे हलतं लक्ष्य असतो. रिबाउंडवर ताबा, पासनंतर सरकून पुन्हा कोन धरणं, गर्दीतून पक शोधणं, यासाठी वेगळा वेळ लागतो आणि ते बघणारा वेगळा डोळा लागतो. तो डोळा म्हणजे गोलींचा प्रशिक्षक, आणि पुष्कळ ठिकाणी तो महिन्यातून काही दिवस येणारा पाहुणा असतो. अशा सरावात पोरगा दिवसाला शेकडो वेळा गुडघे आत वळवून बटरफ्लायमध्ये बर्फावर पडतो. त्याने नितंबाच्या सांध्यांचं काय होतं ते तरुण गोलींच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सांगतील. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. त्या देशाने २००६, २०१४ आणि २०१८ असे तीन वेझिना विजेते दिले: किप्रुसॉफ, रास्क, रिने. तिथे गोलींना शिकवणं हा स्वतंत्र पेशा मानतात आणि तो लहान वयोगटांपासून सुरू होतो. तुर्कूमध्ये वर्षानुवर्षं गोली घडवणारा ऊर्पो यूलोनेन स्वतः राष्ट्रीय संघाचा गोली होता, आणि फिनलंडच्या मुख्य लीगमधल्या सर्वोत्तम गोलीला आज त्याच्याच नावाची ट्रॉफी देतात. आडात असेल तर पोहऱ्यात येईल. कॅनडाने आड खणायचा सोडून दुसऱ्याचे पोहरे अडवले.

आता माझ्या बाजूचा एक मोह टाळतो. सामने द्या म्हणणारे लोक हमखास पॅट्रिक रॉयचं नाव घेतात. रॉय ज्युनियरमध्ये ग्रॅनबीच्या दुबळ्या संघाकडून खेळला, त्याच्यावर फटक्यांचा पाऊस पडायचा, गोलची सरासरी बघून कुणीही मान हलवली असती. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये तो ५१ वा होता. दोन वर्षांनी, विशीत, त्याने मॉन्ट्रियलला स्टॅन्ली कप जिंकून दिला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. गोष्ट झकास आहे, पण ती पुरावा नाही. ग्रॅनबीसारख्या संघांत मार खाऊन कायमची भीती घेऊन घरी गेलेल्या मुलांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून ‘उभं करा आणि मार खाऊ द्या’ असं मी म्हणत नाही. एक चतुर्थांश म्हणतो, म्हणजे ६८ मध्ये सतरा. ते हंगामभर पसरलेले असावेत, निम्मे तरी घरच्या बर्फावर असावेत, आणि प्रत्येकाची तारीख मुलाला आठवडाभर आधी माहीत असावी. शेवटची अट क्षुल्लक वाटेल. थंड अंगाने मधोमध उतरलेल्या मुलाला विचारा ती किती मोठी आहे.

आक्षेप आहेत, आणि त्यातले दोन खरे आहेत. पहिला म्हणजे पळवाट. नियम मुलावर बांधला, ‘अठराखालचा गोली असेल तर त्याला खेळवा’ असा, तर संघ असा गोली ठेवणारच नाहीत. दोन थोरले घेऊन मोकळे होतील. म्हणून बंधन संघाच्या सामन्यांवर हवं, सतरा सामने म्हणजे सतरा सामने, कुणाला उभं करायचं ते तुम्ही ठरवा. एवढी मुलं आहेत का, असं विचारतात. तिन्ही लीग मिळून साठेक संघ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या दाराशी असा एक पोरगा आजच बसलेला आहे. दुसरा आक्षेप स्पर्धेचा: जागा मिळवावी लागते, वाटून द्यायची नसते. हे म्हणणारा मला आवडतो, कारण तो खेळावर प्रेम करणारा असतो. पण थोरल्याशी स्पर्धा करायची तरी कुठे? सरावाच्या त्या रांगेत? फॉरवर्डला आपली सात मिनिटं दहा करून घ्यायची संधी रोज मिळते. गोलीला आधी शून्यातून बाहेर काढावं लागतं, मग खुशाल स्पर्धा लावा. उरलेले ५१ सामने त्यासाठीच आहेत.

तिसरा आक्षेप प्लेऑफचा. सतरा सामने कच्च्या हाती दिले आणि दोन गुणांनी प्लेऑफ हुकलं तर? पण नियम एकट्या तुमच्यावर नाही. समोरच्याच्याही जाळ्यापुढे सतरा वेळा पोरगाच असणार. आज प्रशिक्षक एकटा धाडस करतो आणि एकटाच नोकरी गमावतो. नियम झाला की मालकाला सांगायला त्याच्याकडे कारण असेल, आणि माझा अंदाज आहे की पुष्कळ प्रशिक्षक मनातून सुटकेचा श्वास टाकतील.

विसाव्या वर्षानंतरचं चित्र मात्र अलीकडे बदललं आहे, आणि ते गोलींच्या फायद्याचं आहे. या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार पूर्वी बंद होतं. त्यांना व्यावसायिकांत मोजत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेने तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दार उघडलं. उशिरा पिकणाऱ्याला आणखी तीन-चार वर्षं मिळणं ही मोठी गोष्ट आहे. कॉनर हेलेबक ज्युनियरच्या दुय्यम लीगमधून कॉलेजात गेला, ड्राफ्टमध्ये १३० वा होता, आणि २०२५ मध्ये त्याने वेझिनाबरोबर संपूर्ण लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफीही घेतली. लोगन थॉम्पसनला तर कुणी ड्राफ्टही केलं नव्हतं. ज्युनियरनंतर तो कॅनडातल्याच एका विद्यापीठाच्या संघात गेला आणि तिथून एनएचएलपर्यंत पोचला. पण वीस वर्षांच्या दाराचं कौतुक करताना सतराव्या वर्षीचं दार विसरू नये. तीन वर्षं क्लिपबोर्ड सांभाळलेल्या मुलाला कुठलं कॉलेज कशाच्या जोरावर घेणार?

त्या रात्री मी पाहिलेला पोरगा तीसेक मिनिटं खेळला. आणखी दोन गोल खाल्ले, एक फटका मात्र असा अडवला की जाळ्यामागचे आम्ही सगळे उभे राहिलो. तो डाव्या खांबावर होता, पक उजवीकडे गेला, आणि त्याने अंग टाकून पॅडचं टोक तिथे पोचवलं. सामना संघ हरला. पुढच्या घरच्या सामन्याला मी पुन्हा त्याच जागी जाऊन बसलो. थोरला जाळ्यापुढे होता. पोरगा टोपी घालून दाराशी बसला होता, आणि पहिली लाइन परत आली तेव्हा त्याने दार उघडलं.